सीबी४०३७ स्ट्रेनचं परीक्षण: एका रिसेप्टरवर चालणारी जननग्रंथी

सी. एलेगन्स या सूत्रकृमीची जननग्रंथी नुसतं तापमान बदलून रिकामी करायची असेल, तर सीबी४०३७ इतका भरवशाचा दुसरा स्ट्रेन (ठरावीक जनुकीय घडणीचा वाण) आमच्या मते नाही. अट एकच, तुमचा इन्क्युबेटरही तेवढाच भरवशाचा हवा. या स्ट्रेनबद्दल जेवढ्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ किड्यात नसून थर्मामीटरमध्ये असतं. म्हणून या परीक्षणात किड्याइतकीच जागा तापमानाला दिली आहे.

आधी हा माल नेमका काय आहे ते सांगू. सीबी४०३७ मध्ये जीएलपी-१ या जनुकाचा ई२१४१ हा बदल आहे. जीएलपी-१ हा नॉच कुळातला रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश पकडून आत पोचवणारं प्रथिन, जननपेशींच्या पृष्ठभागावर बसणारं. (मधुमेहाच्या आणि वजन कमी करायच्या इंजेक्शनांमुळे घराघरांत पोचलेल्या जीएलपी-१ शी याचा काही संबंध नाही. तो आतड्यातला संप्रेरक आहे. नावं जुळली हा योगायोग, पण इंटरनेटवर शोधताना दोन्हींची खिचडी होते, तेव्हा शोधात 'नॉच' हा शब्द जोडावा.) १९८७ मध्ये एकाच नियतकालिकात दोन गटांचे निबंध आले. एकाने जननग्रंथीत हे जनुक काय करतं ते दाखवलं, दुसऱ्याने भ्रूणात. ई२१४१ भ्रूणाच्या बाजूने शोध घेणाऱ्यांच्या हाती लागलेला. हे लक्षात ठेवा, कारण त्याची भ्रूणातली खोड पुढे तुमच्या प्रयोगात आडवी येते.

हा स्ट्रेन कशासाठी घ्यायचा हे कळायला रिसेप्टरचं काम डोळ्यांसमोर हवं. उभयलिंगी किड्याच्या जननग्रंथीला इंग्रजी यू अक्षरासारख्या वळलेल्या दोन भुजा असतात. प्रत्येक भुजेच्या बंद टोकाला एकच पेशी टोपीसारखी बसलेली असते, तिला टोकपेशी म्हणू. तिच्या पृष्ठभागावर लॅग-२ नावाचं प्रथिन असतं. हे प्रथिन सुटून पसरत नाही, पेशीच्या पटलालाच चिकटून राहतं. त्यामुळे टोकपेशीच्या स्पर्शात असलेल्या जननपेशींनाच संदेश मिळतो. लॅग-२ जीएलपी-१ ला भिडलं की रिसेप्टर तुटतो, त्याचा आतला तुकडा केंद्रकात जातो, तिथे लॅग-१ आणि सेल-८ यांच्याशी जोडी करून एलएसटी-१ आणि सिग्ल-१ ही जनुकं चालू करतो, आणि पेशी सूत्री विभाजन करत राहते. टोकापासून दूर सरकलेल्या पेशीचा हा संदेश तुटतो आणि ती अर्धसूत्री विभाजनाच्या वाटेला लागते, म्हणजे अंडपेशी किंवा शुक्रपेशी व्हायला निघते. १९८१ मध्ये किंबल आणि व्हाइट यांनी टोकपेशी लेझरने जाळून दाखवली, तेव्हा मागच्या सगळ्या जननपेशी एकजात अर्धसूत्री विभाजनात शिरल्या. सीबी४०३७ मध्ये हेच लेझरशिवाय होतं. १५ अंश सेल्सियसला रिसेप्टर चालतो, २५ ला बंद पडतो. ई२१४१ चा दोष रिसेप्टरच्या पेशीतल्या अँकिरिन भागात आहे. म्हणजे लॅग-२ भिडण्याची जागा शाबूत असते, बिघडतो तो संदेश आत पोचवणारा भाग.

२५ अंशांचा परिणाम कसा दिसतो, ते एकदा नीट पाहून ठेवावं. एल१, म्हणजे अळीच्या पहिल्या अवस्थेपासून २५ अंशांवर वाढवलेला प्रौढ साध्या डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली काचेसारखा पारदर्शक दिसतो. निरोगी एन२ (तुलनेसाठी वापरायचा, बदल नसलेला नेहमीचा स्ट्रेन) प्रौढाच्या पोटाच्या मध्यावर अंड्यांची रांग स्पष्ट दिसते, इथे ती जागा मोकळी असते. डॅपीने, म्हणजे डीएनए चमकवणाऱ्या रंगाने, रंगवल्यावर मात्र अगदी रिकामं नसल्याचं कळतं. मूठभर जननपेशी तयार झालेल्या असतात, आणि त्या अंडपेशी न होता शुक्रपेशी झालेल्या असतात. कारण साधं आहे. उभयलिंगी किडा आधी शुक्रपेशी बनवतो आणि मग अंडपेशींकडे वळतो. विभाजन लवकर थांबलं तर हाताशी असलेल्या पेशी पहिल्याच कामात संपतात. हे चित्र दिसलं की स्ट्रेन खरा आहे आणि तापमान बरोबर आहे, अशी दुहेरी खात्री पटते.

मागवायचा कुठून? अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात सीनोरॅब्डायटिस जेनेटिक्स सेंटर आहे, जगभरचे वर्मवाले त्याला सीजीसी म्हणतात. स्ट्रेनच्या नावाने शोधा, त्याचं पान उघडतं, त्यावर जनुकाचा बदल, गुणसूत्र, सांभाळायचं तापमान दिलेलं असतं. जीएलपी-१ तिसऱ्या गुणसूत्रावर आहे, संकर करायचा असेल तर ही पहिली नोंद. शैक्षणिक प्रयोगशाळांना स्ट्रेनमागे माफक शुल्क, कंपन्यांना जास्त. त्यांचा स्ट्रेन वापरून निबंध छापला तर आभारात सेंटरचा आणि त्याला पैसा देणाऱ्या अमेरिकी आरोग्यसंस्थेचा उल्लेख अपेक्षित असतो, तो विसरू नये. हे सेंटर बहुतांशी त्या अनुदानावर उभं आहे, आणि ते नसतं तर प्रत्येक स्ट्रेनसाठी एकेका प्रयोगशाळेच्या हातापाया पडावं लागलं असतं.

माल येतो ओपी५० जिवाणूंचं लॉन (किड्यांच्या अन्नाचा थर) असलेल्या छोट्या अगर प्लेटवर, कडेने पॅराफिल्म लावून. आपल्याकडे पोचेपर्यंत लॉन खाऊन संपलेलं असतं आणि प्लेटवर उपाशी एल१ किंवा डावर (उपासमारीत तग धरणाऱ्या) अळ्या वळवळत असतात. नवखा माणूस ते पाहून घाबरतो. या स्ट्रेनच्या बाबतीत मात्र उपाशी प्लेट फायद्याचीच. उपाशी एल१ मध्ये जननपेशींच्या पूर्वज अशा दोनच पेशी असतात, झेड२ आणि झेड३, आणि अन्न मिळेपर्यंत त्या विभाजित होत नाहीत. त्यामुळे वाटेत ऊन लागलं तरी त्यांची पुंजी खर्च होत नाही. पोट भरलेल्या, वाढत्या अळ्या गरम पार्सलमध्ये चार दिवस राहिल्या तर वांझ होऊनच पोचतील. तरी विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये कुरियरची गाडी किती तापते हे माहीत असताना तापमान-संवेदी स्ट्रेन तेव्हा मागवू नये. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम.

प्लेट आली की अगरचा साधारण १ सेंटिमीटरचा चौकोन कापून, किडे असलेली बाजू खाली करून, ताज्या ओपी५० प्लेटवर ठेवावा आणि प्लेट सरळ १५ अंशांत. १५ अंशांवर अंड्यापासून अंड्यापर्यंत साडेपाच दिवसांच्या आसपास लागतात, २० ला साडेतीन, २५ ला अडीच. एन२ च्या सवयीने तिसऱ्या दिवशी प्लेट उघडून 'मेले वाटतं' म्हणून फेकू नये. दोन पिढ्या १५ अंशांवर वाढू द्याव्यात, मगच प्रयोगाला घ्यावं. बुरशी किंवा यीस्ट दिसलं तर याच टप्प्यावर ब्लीच करून स्वच्छ करावं.

प्रयोगाची पद्धत थोडक्यात अशी. १५ अंशांवर अंडी भरलेले प्रौढ पाण्याने धुवून ३.५ मिली घ्यावेत, त्यात १ मिली घरगुती ब्लीच आणि ०.५ मिली ५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड घालून हलवावं. चार ते सहा मिनिटांत प्रौढांची शरीरं फुटून विरघळायला लागतात. मायक्रोस्कोपखाली बघत राहा आणि शरीरं तुटली की थांबा. दहा मिनिटांपुढे अंडीही मरतात. १,३०० जी ला मिनिटभर फिरवून, एम९ या क्षारद्रावणाने तीनदा धुवून, अंडी एम९ मध्येच रात्रभर ठेवावीत. अन्न नसल्यामुळे उबलेल्या सगळ्या अळ्या एल१ वर थांबतात आणि एकसारखं वय मिळतं. ही रात्र १५ किंवा २० अंशांवर जावी, २५ वर नाही. भ्रूणाच्या अगदी पहिल्या काही विभाजनांतही जीएलपी-१ लागतं. आईने पुरवलेल्या या रिसेप्टरशिवाय पेशींची ओळख चुकते, घशाचा पुढचा भाग बनत नाही आणि अंडं उबण्याआधीच मरतं. 'अर्धी अंडी उबलीच नाहीत' ही तक्रार बहुधा इथली असते, अंडी भरलेल्या आयाच २५ अंशांत ठेवल्याची.

दुसऱ्या दिवशी थांबलेल्या एल१ मोजाव्यात, १० मायक्रोलिटरच्या तीन थेंबांची सरासरी पुरते. मग प्लेटवर टाकाव्यात. निम्म्या प्लेट १५ ला, निम्म्या २५ ला, आणि दोन्हीकडे एन२ च्या प्लेट हव्यातच. इथे कंजुषी नको. एन२ एरवी २० अंशांवर ३०० च्या आसपास पिल्लं देतो, पण २५ ला त्याचीही संख्या घटते, आणि २७ च्या आसपास तोही जवळपास वांझ होतो.

आता इन्क्युबेटर. आपल्याकडच्या बऱ्याच बीओडी इन्क्युबेटरमध्ये दर्शनी आकडा सेन्सरजवळच्या हवेचा असतो. वरच्या आणि खालच्या फळीत अंश-दोन अंशांचा फरक सहज पडतो. दरवाजा दिवसात वीस वेळा उघडला की तो आणखी वाढतो. पडद्यावर २५ आणि प्लेटमध्ये २७ असेल तर एन२ ही वांझ दिसेल आणि सगळा प्रयोग वाया जाईल. पडद्यावर २५ आणि प्लेटमध्ये २३ असेल तर सीबी४०३७ चे काही प्रौढ अंडी घालतील आणि दोष स्ट्रेनवर जाईल. उपाय स्वस्त आहे. एका रिकाम्या अगर प्लेटच्या झाकणाला भोक पाडून थर्मामीटरचा प्रोब अगरमध्ये रोवावा, प्रत्येक फळीवर रात्रभर ठेवावा आणि वाचन लिहून काढावं. ज्या फळीवर २४.५ ते २५.५ मिळेल तीच वापरावी. प्लेटचे उंच ढीग रचू नयेत, मधली प्लेट तापायला तासन्‌तास घेते. फ्रिजमधल्या थंड प्लेट आधी खोलीच्या तापमानाला आणाव्यात. नुसता हीटर असलेला इन्क्युबेटर १५ अंश देऊ शकत नाही, तिथे हा स्ट्रेन मागवूच नये. आणि वीज जाते अशा ठिकाणी १५ अंशांच्या कप्प्यात पाण्याच्या दोन-चार गार बाटल्या कायम ठेवाव्यात, त्या तास-दोन तास निभावून नेतात.

२० अंशांवर हा स्ट्रेन धड ना वांझ, धड ना सुपीक. नेहमीच्या २० च्या कप्प्यात सांभाळायचा मोह होतो, कारण पिढी लवकर निघते. पण त्या तापमानाला जे किडे जास्त पिल्लं देतात तेच पुढे चालतात, आणि महिनोन्‌महिने असं केलं तर दोष झाकणारे नवे बदल नकळत निवडले जातात. मग एके दिवशी २५ अंशांवर निम्मी प्लेट अंड्यांनी भरते. म्हणून प्लेट आल्या आल्याच उपाशी एल१ च्या कुप्या ग्लिसरॉलमध्ये, अंतिम प्रमाण १५ टक्के, थर्माकोलच्या डब्यातून उणे ८० ला गोठवाव्यात. एक कुपी वितळवून जगतात का ते पाहावं, आणि दर काही महिन्यांनी चालू साठा फेकून नवी कुपी काढावी.

वांझपणा दिसला म्हणजे कारण जीएलपी-१ च, असं मात्र धरू नये. सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष इथे निघतात, म्हणून जरा रेंगाळतो. पोट रिकामं आणि पारदर्शक असेल तर जननपेशी वाढल्याच नाहीत, तिथे जीएलपी-१ चा संशय रास्त. पोटात अंडी गच्च आहेत, बाहेर पडत नाहीत, शेवटी आतच उबून अळ्या आईला आतून खातात, असं दिसलं तर दोष योनीमार्गाचा किंवा अंडी घालण्याच्या स्नायू-चेतांचा. तिथे लेट-२३, म्हणजे ईजीएफ रिसेप्टर, बघायला हवा. जननग्रंथीतल्या नांगरपेशीकडून येणाऱ्या लिन-३ या प्रथिनाचा संदेश तो घेतो आणि त्यावरच योनीमार्ग बनतो. प्लेटवर अंड्यांऐवजी तपकिरी, गोल, कवच नसलेले गोळे पडलेले दिसले तर अंडपेशी बाहेर येताहेत पण फलन होत नाही. हे शुक्रपेशींचं किंवा अंडपेशीवरच्या एग-१, एग-२ सारख्या प्रथिनांचं काम. अंडपेशी लहान आणि फिकट, आणि शरीराच्या पोकळीत पिवळा बलक साठलेला, असं असेल तर आरएमई-२ कडे वळावं. तो अंडपेशीवरचा बलक उचलणारा रिसेप्टर. आणि अंडपेशी रांगेत थोपून राहिल्या, पिकत नाहीत, तर शुक्रपेशींकडून येणारा एमएसपी हा संदेश पोचत नसेल. तो घेणाऱ्या रिसेप्टरांपैकी एक व्हॅब-१, इफ्रिन पकडणाऱ्या एफ कुळातला. पाच निरनिराळे बिघाड, पिल्लांची मोजणी मात्र सगळीकडे घटलेली. म्हणून नुसता पिल्लांचा आकडा छापू नये, सोबत डॅपीचं चित्र हवंच.

ते चित्र काढायची रीत: प्रौढ किडे एम९ मधल्या ०.२५ मिलिमोलर लेव्हामिसोलमध्ये सुस्त करावेत, घशाच्या मागे सुईने कापावं, जननग्रंथी आपोआप उसळून बाहेर येते. पॅराफॉर्मल्डिहाइडने स्थिर करून डॅपी द्यावा. निरोगी तरुण प्रौढात टोकापासून सुमारे २० ओळींपर्यंत गोल केंद्रकं दिसतात, हा विभाजनाचा पट्टा, एका भुजेत साधारण २०० ते २५० पेशी. त्यानंतर चंद्रकोरीसारखी केंद्रकं सुरू होतात, ती अर्धसूत्री विभाजनात शिरलेली. दोन किंवा अधिक चंद्रकोरी असलेली पहिली ओळ ही सीमा मानायची. प्रौढ झाल्यावर सीबी४०३७ २५ ला नेला तर ही सीमा तासातासाने टोकाकडे सरकताना दिसते. ० तास, ३ तास, ६ तास, १० तास अशा चार वेळा घेतल्या तर विद्यार्थ्यांना यापेक्षा बोलकं प्रात्यक्षिक मिळणार नाही.

असं असलं तरी प्रौढातल्या बदलांसाठी आमची पहिली पसंती सीबी४०३७ ला नाही. तिथे डीजी२३८९ घ्यावा, बीएन१८ हा बदल असलेला. जननग्रंथीवर काम करणारे पट्ट्याच्या मोजणीसाठी तोच वापरतात, आणि कमी-अधिक संदेशाचे मधले टप्पे त्यात पाहता येतात. उलट बाजू पाहायची, म्हणजे रिसेप्टर गरजेपेक्षा जास्त चालू, तर जीसी८३३ मागवावा. त्यातला एआर२०२ हा बदल पेशीबाहेरच्या भागात आहे आणि २५ अंशांवर जननग्रंथीत गाठ तयार होते, पेशी विभाजत राहतात, पिकत नाहीत. सीएफ१९०३ मधला ई२१४४ हा ई२१४१ चा जवळचा भाऊ, आयुर्मानाच्या प्रयोगांत तो बराच दिसतो.

आयुर्मानाचा विषय निघाला म्हणून सर्वांत मोठी सावधगिरी. पिल्लं नकोत म्हणून बरेच जण एफयूडीआर औषधाऐवजी सीबी४०३७ वापरतात आणि वांझ किड्यांवर वयाचा प्रयोग लावतात. हे चुकीचं आहे. १९९९ मध्येच दिसलं होतं की जननपेशींच्या पूर्वज पेशी लेझरने जाळल्या तर आयुष्य साधारण ६० टक्क्यांनी वाढतं, आणि आख्खी जननग्रंथी काढली तर वाढत नाही. म्हणजे पिल्लांचा खर्च वाचला म्हणून किडा जास्त जगतो, असं नाही. हा संदेशांचा खेळ आहे, आणि त्याला डॅफ-१६ व डॅफ-१२ ही प्रथिनं लागतात. २५ अंशांवर वाढलेला सीबी४०३७ मुळातच दीर्घायुषी असतो. तुमचं औषध त्यावर 'काम करत नाही' असं दिसलं तर कदाचित वाढायला जागाच उरलेली नसते. वांझ पण आयुष्य बदललेलं नाही असा किडा हवा असेल तर सीएफ५१२ बघावा, त्याचा वांझपणा शुक्रपेशींच्या दोषामुळे येतो.

डॅफ-२ शी जोडी लावायची असेल तर आणखी एक खोडा आहे. डॅफ-२, म्हणजे इन्सुलिनसारख्या संदेशांचा रिसेप्टर, याचा नेहमीचा ई१३७० हा बदल २५ अंशांवर अळ्यांना डावर अवस्थेत नेतो. जीएलपी-१ बंद करायलाही २५ लागतं. दोन्ही बदल एकाच किड्यात घालून एल१ पासून २५ ला ठेवलं तर हाती फक्त डावर येतात, प्रौढ नाहीत. अशा वेळी सीबी४०३७ एकटा २५ वर वाढवावा आणि प्रौढ झाल्यावर एचटी११५ जिवाणूंतून डॅफ-२ चं आरएनएआय (जनुक गप्प करणारा आरएनए) खायला घालावं, प्लेटमध्ये १ मिलिमोलर आयपीटीजी (जिवाणूंत तो आरएनए बनायला लावणारं रसायन) घालून. ताजी प्लेट वापरावी, महिनाभर फ्रिजमध्ये पडलेल्या प्लेटमधला आयपीटीजी आणि अँटिबायोटिक दोन्ही मंदावतात. तुलनेसाठी रिकाम्या एल४४४० वाहकाच्या (डॅफ-२ चा तुकडा न घातलेल्या प्लाझ्मिडच्या) प्लेट शेजारी असाव्यातच.